मराठीचा सर्व्हर कुठे असावा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीच्या तहसील कचेरीत कामाला गेलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सातबारा हवा असो की फेरफाराची नोंद पाहायची असो, हे उत्तर कानावर आले की उदगिरीहून किंवा आंब्याहून एसटीने आलेल्या माणसाचा दिवस मोडतो. सातबाऱ्याचे संगणकीकरण सुरू झाले तेव्हा नोंदी त्या त्या तालुक्याच्या संगणकावर असत. पुढे ई-फेरफार आला आणि त्या राज्य पातळीवर एकत्र झाल्या. तेव्हापासून यंत्र दूर गेले आणि त्याच्या दुखण्यावर इथल्या कुणाचा इलाज चालेना. पण याच एकत्रीकरणामुळे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. मुंबईत नोकरीला असलेल्या माणसाला एका उताऱ्यासाठी रजा टाकून गावी यायची गरज उरली नाही. दोन्ही अनुभव एकाच तालुक्याचे आणि दोन्ही खरे.

असाच पेच मराठीतल्या सर्वांत मोठ्या सामुदायिक ज्ञानसाठ्यापुढे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यात लाखाच्या घरात लेख आहेत. ते लोकांनी फावल्या वेळात, एक पैसा न घेता लिहिले आहेत. आणि हा सगळा मजकूर राहतो अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न आणि टेक्ससमधल्या कॅरलटन इथल्या डेटा सेंटरांमध्ये. तीनशेहून अधिक भाषांचे विकिपीडिया तिथेच नांदतात. लिहिणारे मराठी, वाचणारे मराठी, विषयही बहुतेक मराठी मुलखाचे. मग यंत्र पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात का नको, असे कुणाच्याही मनात यावे. हा प्रश्न भाषेच्या प्रेमापोटी पडतो म्हणून तो हलका ठरत नाही. मात्र त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. यंत्र कुणाच्या जागेत आहे, हा एक. यंत्रातल्या मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात मराठीने शक्ती घालवू नये आणि दुसऱ्यात तसूभरही मागे हटू नये, असे या लेखाचे म्हणणे आहे.

याचा एक धडा शाहूवाडीला लागून असलेल्या पन्हाळा तालुक्यातच गिरवला गेला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तरेक गावे त्यात होती. गावोगावी संगणकाची केंद्रे उभी राहिली आणि ती वारणानगरच्या मध्यवर्ती यंत्रणेला जोडली गेली. शेतकऱ्याने केंद्रात यावे, आपला ऊस किती टन गेला, खत किती उचलले, बिल किती झाले ते पाहावे, अशी ती सोय. काही वर्षांनी दिसले ते असे, की ज्या कामांची मोठी स्वप्ने रंगवली होती ती मागे पडली आणि उसाचा हिशेब तेवढा टिकला. तेवढ्यासाठी गावोगावचे संगणक सांभाळायचे, विजेचा लपंडाव सोसायचा, बिघडलेले भाग बदलायचे, हे सहकाराला जड जाऊ लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल देऊन पाहिला. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, उत्तर एसएमएसने यायचे. काम निभावले आणि खर्च घटला.

इथे एक बारकावा आहे. हिशेबाचा साठा आधीही वारणानगरात होता आणि नंतरही तिथेच राहिला. गावात पोचायला हवी होती ती साठ्याची वाट. गावोगावी यंत्र ठेवल्याने शेतकऱ्याचा अधिकार वाढला नव्हता. त्याचा अधिकार तो सहकाराचा सभासद होता, सभेत उभे राहून हिशेब विचारू शकत होता, त्यातून येत होता.

विकिपीडियाचा इतिहास याच वळणांनी गेलेला आहे. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी आवृत्ती सुरू झाली आणि दोन महिन्यांत जर्मन व कॅटलान आवृत्त्या निघाल्या. तेव्हाची यूजमॉडविकी ही प्रणाली एका भाषेपुरताच विचार करणारी होती. त्यामुळे दर भाषेसाठी तिची वेगळी मांडणी करावी लागे. २००२ च्या जानेवारीत इंग्रजीला नवी प्रणाली मिळाली. बाकीच्या भाषा कित्येक महिने जुन्यावरच रखडल्या. मांडणी वेगळी असली की स्वातंत्र्य मिळते असे वाटते. प्रत्यक्षात, ज्यांच्याकडे तंत्रज्ञ जास्त त्यांची गाडी पुढे जाते आणि उरलेले फलाटावर राहतात. ‘प्रत्येक भाषेला आपला सर्व्हर’ या मागणीचा पहिला फटका मराठीसारख्या भाषेलाच बसेल, याची ही खूण.

फुटून निघण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग स्पॅनिशचा. विकिपीडियावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागताच फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश संपादकांचा मोठा गट बाहेर पडला. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने तो सोबत नेता आला. सेव्हिल विद्यापीठाने सर्व्हर दिला आणि ‘एन्सिक्लोपेडिया लिब्रे’ उभा राहिला. त्याच वर्षी विकिपीडिया ‘डॉट कॉम’ सोडून ‘डॉट ओआरजी’वर गेला, जाहिराती आल्या नाहीत, आणि या निर्णयामागे स्पॅनिश गटाच्या जाण्याचा धाक होता असे मानले जाते. त्या गटाचे हे यश निर्विवाद आहे. आज जगभर विकिपीडियाचे पान जाहिरातीविना उघडते त्यात त्यांचा वाटा आहे. पण त्यांचा स्वतःचा कोश मागे पडला. मूळ स्पॅनिश विकिपीडिया वर्ष-दीड वर्ष मरगळलेला राहिला, मग सावरला आणि पुढे निघून गेला, कारण त्याच्या पाठीशी साऱ्या भाषांची मिळून एक यंत्रणा उभी राहात होती. निघून जाण्याचा हक्क प्रभावी ठरला, पण निघून गेल्यावरचा संसार परवडला नाही.

ती यंत्रणा काय देते, हे एखाद्या फोटोच्या उदाहरणाने कळेल. २००४ पर्यंत प्रत्येक भाषेत चित्र वेगळे चढवावे लागे. त्या वर्षी ७ सप्टेंबरला विकिमीडिया कॉमन्स हा सर्व भाषांचा सामायिक चित्रसाठा सुरू झाला. आता आंबा घाटातल्या धुक्याचा फोटो मलकापूरच्या कुणी मुलाने एकदा तिथे चढवला की तो मराठीतही लागतो आणि जपानीतही. तसेच भाषांमधल्या दुव्यांचे. पूर्वी ‘विशाळगड’ या लेखाच्या तळाशी इतर भाषांतल्या लेखांची यादी हाताने लिहावी लागे. नव्या भाषेत लेख झाला की ती नोंद प्रत्येक भाषेच्या लेखात जाऊन करायची. २०१२ मध्ये विकिडेटा हा सामायिक माहितीसाठा आला आणि पुढच्या वर्षी हे सगळे दुवे एका जागी गेले. २०१५ मध्ये सर्व भाषांसाठी एकच खाते करण्याचे कामही पूर्ण झाले. मराठीत लिहिणारा माणूस त्याच खात्याने कोकणीत जाऊन चूक दुरुस्त करू शकतो. हे सगळे यंत्रे एकत्र असल्याने शक्य झाले.

बेळगावच्या उदाहरणात एकत्र आणि स्वतंत्र यांची सीमारेषा नेमकी दिसते. बेळगावचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, जनगणनेतले आकडे मराठी आणि कन्नड वाचकांसाठी वेगळे असायचे कारण नाही. ते एका साठ्यात ठेवावेत. सीमाप्रश्नाचा इतिहास मात्र कुणा तिसऱ्याने एकदाच लिहून सर्व भाषांत वाटला तर तो कुणालाच मान्य होणार नाही. मराठी संपादकांनी तो मराठी साधनांच्या आधारे लिहावा, कन्नड संपादकांनी कन्नड साधनांच्या, आणि दोघांनीही पुरावे उघडे ठेवावेत. यंत्र एक असूनही हे घडू शकते, आणि घडते आहे.

यंत्रे पांगवून पाहण्याचा प्रयोगही झालेला आहे. २००५ मध्ये याहूने सोलमध्ये सर्व्हर देऊ केले आणि जपानी, कोरियन यांसारख्या काही आशियाई भाषांच्या विकिपीडियांचा मूळ डेटा तिकडे हलवला गेला. कागदावर कल्पना उत्तम होती. वापरणारे जवळ, यंत्रही जवळ. पण खाती, चित्रे, देखभाल, सगळ्यासाठी दोन खंडांत मेळ घालत बसावे लागे. काही वर्षांत तो संसार गुंडाळला गेला.

अंतराचा प्रश्न तरीही खोटा नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अ‍ॅशबर्न सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. नुसते जाऊन परत यायला एक अष्टमांश सेकंद लागतो, आणि समुद्रातल्या तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त. एक पान उघडताना अशा कित्येक खेपा होतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट निम्म्यावर आल्याचेही लोकांनी पाहिले आहे. यावर उपाय निघाला तो वाचणे आणि लिहिणे वेगळे करण्याचा. वाचणारे पुष्कळ असतात, लिहिणारे थोडे. म्हणून मूळ प्रत एका जागी ठेवून वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानांच्या ताज्या प्रती जगभर ठेवायच्या. ॲमस्टरडॅम, सॅन फ्रान्सिस्को यांच्या जोडीला २०१८ मध्ये सिंगापूरचे केंद्र सुरू झाले, पुढे मार्से आणि साव पावलो. भारतातल्या वाचकाला पान सहसा सिंगापूरहून येते. मुंबईपासून ते चार हजार किलोमीटरच्या आत आहे.

मूळ प्रत मात्र एकच लागते, आणि त्याला कारण आहे. एकाच लेखात एकाच क्षणी दोघांनी दोन ठिकाणच्या यंत्रांवर बदल केले तर खरा बदल कुठला, हे ठरवणारी एक जागा असावी लागते. अ‍ॅशबर्न आणि कॅरलटन आळीपाळीने ती जागा होतात. वर्षातून दोनदा भार एकीकडून दुसरीकडे हलवला जातो. २०१६ मध्ये पहिल्यांदा हे केले तेव्हा पाऊण तासाच्या आसपास संपादन बंद ठेवावे लागले होते. आता दोन-तीन मिनिटांत आटोपते. हे कौशल्य मिळवायला श्रीमंत संस्थेला इतकी वर्षे लागली. मराठीचे मोजके स्वयंसेवक रात्री सर्व्हर सांभाळत बसले, तर दिवसा लेख लिहायला कोण उरेल?

इथपर्यंत पारडे एकत्रीकरणाकडे झुकते. पण गोष्ट एवढ्यावर संपवणे अप्रामाणिक होईल. सर्व्हर ज्याचा, शेवटी चावी त्याची, हे ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मन संपादकांनी अनुभवले. चित्रे दाखवण्याची एक नवी सोय त्यांनी बहुमताने नाकारली आणि जादा अधिकार दिलेल्या त्यांच्या संपादकांनी, म्हणजे प्रचालकांनी, ती बंद केली. त्यावर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचे नवे कुलूप तयार केले. ते लावलेल्या पानात भाषेच्या निवडून दिलेल्या प्रचालकांनाही हात घालता येईना. जर्मन समाज मोठा, संघटित आणि चिवट. त्याने आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढून टाकावे लागले. हेच मराठीच्या बाबतीत झाले असते तर? किती जणांना ते कळले असते, किती जणांनी इंग्रजीत भांडण मांडले असते? एकत्रीकरणाचा खरा धोका हा आहे आणि कितीही वेगवान सर्व्हर घेतला तरी तो टळत नाही.

याच्या उलट टोकाचा धोकाही तितकाच खरा. क्रोएशियन विकिपीडिया वर्षानुवर्षे काही मोजक्या प्रचालकांच्या कब्जात राहिला. त्यांनी इतिहास आपल्या राजकारणाला सोयीचा करून घेतला, विरोध करणाऱ्यांना हाकलले. २०२० च्या सुमारास बाहेरच्या समाजाने लक्ष घातले तेव्हा कुठे ती पकड सुटली. स्कॉट्स विकिपीडियाची गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने तिच्यात हजारो लेख लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले, आणि तोवर त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. भाषेचे राज्य भाषिकांच्या हाती असावे हे खरेच; पण भाषिकच पहाऱ्यावर नसतील तर ते राज्य कुणाच्याही हाती जाते. मराठीत नियमितपणे लिहिणारे फार थोडे आहेत. हा इशारा मराठीने स्वतःसाठी घ्यावा.

तंत्राच्या पातळीवर सत्ता म्हणजे काय, हे ‘दऱ्या’ या शब्दाकडे जवळून पाहिले की कळते. सह्याद्रीच्या तालुक्यावर लेख लिहायचा तर तो लागतोच. त्यातला आडवा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याच्या ‘ऱ’चे अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. लेखकाने एका तऱ्हेने शीर्षक दिले आणि वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने शोधले, तर असलेला लेख ‘नाही’ ठरतो. हा दोष मराठी माणसालाच दिसणार. दुरुस्ती मात्र सामायिक प्रणालीत झाली पाहिजे, कारण तेच अक्षर नेपाळीला लागते, कोकणीलाही लागते. मराठीने वेगळ्या सर्व्हरवर वेगळी ठिगळे लावली तर उद्या प्रणाली बदलल्यावर ती उसवणार. म्हणून प्रणाली लिहिणाऱ्यांच्या मांडवात मराठी तंत्रज्ञ बसायला हवेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांतल्या चार जणांनी जरी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून असला एखादा दोष मुळातून दुरुस्त केला, तर त्याचा उपयोग स्वतंत्र सर्व्हरपेक्षा अधिक होईल.

उरतो तो कायद्याचा आणि सरकारांचा प्रश्न. सर्व्हर देशात असला की तो आपल्या ताब्यात, असे म्हणताना ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, हे विचारले पाहिजे. तुर्कस्तानने २९ एप्रिल २०१७ ला विकिपीडिया रोखला तो सर्व भाषांत. तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर १५ जानेवारी २०२० ला तो पुन्हा उघडला. मूळ साठा देशाबाहेर असल्याने त्या काळात एकही लेख हरवला नाही. यंत्रे अंकारात असती तर? रशियात मुक्त परवान्याचाच उपयोग करून रशियन विकिपीडियाची नक्कल ‘रुविकी’ नावाने उभी राहिली आणि सत्तेला न रुचणारा मजकूर तिच्यात बदलला गेला. म्हणजे देशातला सर्व्हर देशातल्या वाचकाच्याच विरोधात उभा राहू शकतो. दुसरीकडे सर्व्हर परदेशी असल्याने कायदा लागू होत नाही, हाही भ्रम आहे. एएनआय या वृत्तसंस्थेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या खटल्यावरचे पान विकिमीडियाला हटवावे लागले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवाडा न्यायालयात झाला. यंत्र कुठे आहे याने त्यात फारसा फरक पडला नाही. आणि जून २०२३ मध्ये तणावामुळे कोल्हापुरात मोबाइल इंटरनेट बंद झाले, तेव्हा सर्व्हर अ‍ॅशबर्नला असता काय किंवा ताराबाई पार्कात असता काय, फोनवर पान उघडणारच नव्हते.

म्हणून भर द्यायला हवा तो प्रतींवर. विकिपीडियाच्या प्रत्येक भाषेचा संपूर्ण मजकूर ठरावीक काळाने डाउनलोडसाठी खुला केला जातो; मराठीचाही. तो कुणीही उतरवून घ्यावा, ठेवावा, छापावा. स्पॅनिश गटाला २००२ मध्ये ज्या हक्काने बाहेर पडता आले तोच हा हक्क. मात्र तो बजावण्याची तयारी आधीपासून ठेवावी लागते. शिवाजी विद्यापीठाने, वाईच्या विश्वकोश मंडळाने किंवा राज्यातल्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयाने मराठी विकिपीडिया आणि त्याचा जोडीदार असलेला मुक्त ग्रंथसाठा विकिस्रोत यांची प्रत नियमाने घेऊन जपली, तर उद्या दूरच्या संस्थेशी मतभेद झाला तरी मराठीला हात जोडून उभे राहावे लागणार नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडले. एवढे काम कागदावर नेटाने करणाऱ्या राज्याला काही तबकड्या सांभाळणे अवघड नाही.

शाहूवाडीच्या पश्चिमेला, जिथे पावसाळ्यात वीज जाते आणि त्यामागोमाग रेंजही जाते, तिथल्या शाळेला तर आजच ही प्रत हवी. २००७ पासून चालत आलेली ‘किविक्स’ ही मोफत प्रणाली विकिपीडियाची एक फाइल करून देते. मराठीची फाइल पेनड्राइव्हमध्ये मावते आणि शाळेतल्या जुन्या संगणकावर इंटरनेटशिवाय उघडते. जूनमध्ये शाळा सुरू होताना केंद्रशाळेत ताजी प्रत उतरवून घ्यायची आणि तिथून वाड्यावस्त्यांच्या शाळांना वाटायची, एवढेच काम. त्यात एक उणीव राहील. आपल्या गावच्या लेखात चूक दिसली तर मुलांना ती या प्रतीत दुरुस्त करता येणार नाही. त्यासाठी दुरुस्त्या वहीत लिहून, महिन्यातून एकदा मलकापुरात किंवा बांबवड्यात जिथे चांगली रेंज मिळते तिथे बसून शिक्षकांनी त्या मूळ लेखात चढवाव्या लागतील, आणि प्रत्येक दुरुस्तीसोबत गॅझेटियर, जनगणना किंवा छापील पुस्तकाचा आधार द्यावा लागेल. आधार कसा शोधायचा आणि कसा नोंदवायचा, हे शिक्षकांना शिकवणारी कार्यशाळा तालुक्याच्या ठिकाणी घेणे, ही या कामातली पहिली गरज आहे.